रिपोर्टातल्या आकड्यापाशी

डोळ्यांची एकदा सावकाश उघडझाप करा. पापणी खाली येऊ द्या, क्षणभर तिथेच राहू द्या, मग वर जाऊ द्या. बुबुळावरून ती किती सहज सरकली. काही टोचलं नाही, काही घासलं नाही. आणखी एकदा करा आणि या सहजतेकडे नुसतं लक्ष द्या.

डोळ्याच्या पृष्ठभागावर ओलाव्याचा अतिशय पातळ थर असतो. तो थर धरून ठेवणाऱ्या प्रथिनांपैकी एकाचं नाव म्यूक-१६. हजारो अमिनो आम्लांचं, अंगभर शर्करेच्या साखळ्या लगडलेलं हे प्रथिन माणसाच्या शरीरातल्या फार मोठ्या प्रथिनांपैकी एक आहे. डोळ्यावर, श्वसनमार्गात, गर्भाशयाच्या अस्तरात, फुफ्फुसांच्या आणि पोटाच्या आतल्या आवरणावर ते असतं. पृष्ठभाग ओला ठेवायचा, दोन पृष्ठभाग एकमेकांना चिकटू द्यायचे नाहीत, जंतूंना अडवायचं, ही त्याची रोजची कामं. या क्षणी ती तुमच्या शरीरात चालू आहेत. तुम्ही स्त्री असा वा पुरुष, आजारी असा वा धडधाकट.

याच प्रथिनाचा तुकडा पेशीवरून सुटून रक्तात उतरतो, लॅबमध्ये मोजला जातो आणि छापील कागदावर येतो, तेव्हा त्याला सीए-१२५ म्हणतात. अंडाशयाच्या कर्करोगाची ओळख ज्या घराला झाली आहे, त्या घरात हा आकडा सगळ्यांना तोंडपाठ असतो. मागच्या वेळी किती होता, त्याच्या आधी किती, ऑपरेशननंतर किती. रिपोर्ट मोबाइलवर येतो आणि डॉक्टरांनी पाहण्याआधी मुलगी तो उघडते, नवरा उघडतो, कधी ती स्वतःच रात्री सगळे झोपल्यावर उघडते.

तो कागद तुमच्याजवळ असेल तर समोर घ्या. नसेल, तर ज्यांच्याजवळ आहे अशा कुणाच्या तरी शेजारी मनाने बसा. आकड्याकडे लगेच पाहू नका. एक हात ओटीपोटावर ठेवा. श्वास आत येतो तेव्हा हात थोडा वर येतो, श्वास बाहेर जातो तेव्हा खाली बसतो. हाताखाली, त्वचेच्या आणि स्नायूंच्या आत, एक तलम अस्तर आहे. पोटातल्या बहुतेक अवयवांना ते लपेटून असतं आणि उलगडून पसरलं तर साधारण आपल्या त्वचेइतकं भरेल. त्यात थोडासाच द्रव असतो, आतडी सरकायला पुरेल एवढा. अंडाशयाचा म्हणून ओळखला जाणारा सर्वांत सामान्य आणि आक्रमक कर्करोग बहुतेक वेळा बीजवाहिनी नलिकेच्या झालरीपाशी सुरू होतो, असं आता मानलं जातं. तिथून सुटलेल्या पेशींना या ओल्या अस्तरावर पसरायला कुठलीच भिंत आडवी येत नाही. पोट फुगल्यासारखं वाटतं, दोन घासांत पोट भरतं, लघवीला वारंवार जावं लागतं. बायका ओवा चावतात, ॲसिडिटीची गोळी घेतात, वय झालं म्हणतात. त्यांचा यात काही दोष नाही. ही लक्षणं खरोखरच शंभर साध्या कारणांनी येतात. जगात दर वर्षी तीन लाखांहून अधिक आणि भारतात चाळीस हजारांहून अधिक स्त्रियांना या आजाराचं निदान होतं आणि बहुतेकींना तो पोटभर पसरल्यावरच कळतो.

श्वास चालू राहू द्या. आता आकड्याकडे वळू.

आकड्याच्या शेजारी, कंसात किंवा वेगळ्या रकान्यात, ३५ लिहिलेलं दिसेल. ही रेघ कुणी ओढली? १९८१ मध्ये बोस्टनच्या डॅना-फार्बर संस्थेत रॉबर्ट बास्ट आणि त्यांचे सहकारी उंदरांच्या मदतीने प्रतिपिंडं तयार करत होते. अंडाशयाच्या कर्करोगाच्या पेशी नेमक्या ओळखील, असं एक प्रतिपिंड त्यांना हवं होतं. एकामागून एक तपासत गेल्यावर १२५ व्या क्रमांकाचं कामाचं निघालं. त्याने पकडलेल्या पदार्थाला तोच क्रमांक चिकटला. तो पदार्थ म्यूक-१६ चा भाग आहे, हे कळायला २००१ उजाडलं. त्याच्या कितीतरी आधी, १९८३ मध्ये, बास्ट यांच्या गटाने रक्ताची चाचणी प्रसिद्ध केली. ८८८ निरोगी माणसांपैकी सुमारे एक टक्का लोकांचा आकडा ३५ युनिटांच्या वर होता. अंडाशयाचा कर्करोग असलेल्या १०१ रुग्णांपैकी ८२ टक्क्यांचा.

या दोन आकड्यांपाशी थोडं थांबा. शंभर निरोगी माणसांतलं एक त्या रेघेच्या वर आहे. शंभर आजारी स्त्रियांतल्या अठराजणी रेघेच्या खाली आहेत. म्हणजे ३५ हा आरोग्य आणि आजार यांच्यामधला उंबरठा कधीच नव्हता. एक सोयीची जागा निवडून माणसांनी तिथे रेघ ओढली. आणि पुढची चाळीस वर्षं लाखो स्त्रिया त्या रेघेच्या अलीकडे-पलीकडे आपला जीव टांगून बसल्या.

पोटाच्या अस्तराला कशानेही त्रास झाला की हे प्रथिन रक्तात वाढतं. पाळीच्या दिवसांत वाढतं, गरोदरपणाच्या सुरुवातीला वाढतं, एंडोमेट्रिओसिसमध्ये, यकृताच्या आजारात, अगदी पोटाच्या ऑपरेशननंतरचे काही आठवडेही वाढलेलं राहतं. आपल्या देशात आणखी एक कारण ध्यानात ठेवावं लागतं: पोटाचा टीबी. पोटात पाणी, वजन उतरलेलं, सोनोग्राफीत गाठीचा संशय आणि सीए-१२५ शेकड्यांत. सगळं चित्र कर्करोगाचं, आणि बायॉप्सीत निघतो क्षय. सहा महिन्यांच्या गोळ्यांनी बरा होणारा. म्हणून नुसत्या या आकड्यावर कुणी निदान सांगू नये आणि कुणी ते स्वीकारूही नये, तुकडा काढून तपासावा, हा माझा आग्रह आहे.

निरोगी स्त्रियांचं दर वर्षी रक्त तपासून आजार लवकर पकडता येईल का, हेही पाहून झालं आहे. ब्रिटनमध्ये दोन लाखांहून अधिक स्त्रियांवर मोठा अभ्यास झाला. २०२१ मध्ये त्याचा अंतिम निष्कर्ष आला: तपासणीमुळे मृत्यू कमी झाले नाहीत. ज्यांनी त्यासाठी वीस वर्षं दिली त्यांच्यासाठी हे उत्तर जड होतं, पण त्यांनी ते जसंच्या तसं सांगितलं.

आता मन ज्या प्रश्नाभोवती फिरतं आहे त्याकडे येऊ. तो प्रश्न निदानाचा नाहीच. निदान झालेलं आहे. प्रश्न आहे: किती?

हा प्रश्न मनात येऊ द्या. त्याला दटावू नका. दिवसा तो स्वयंपाकघरात येतो, रात्री अंथरुणात येतो. किती वर्षं? मुलीचं लग्न होईपर्यंत? नातवाची मुंज? नवऱ्याच्या निवृत्तीपर्यंत? आणि विज्ञान म्हणतं, काही प्रथिनं याचा अंदाज द्यायला मदत करतात. 'अंदाज' म्हणजे नेमकं काय, हे पाहायला मनात एक आलेख काढा.

कागदाच्या डाव्या कडेला, सर्वांत वर, एक बिंदू. तिथे सगळ्याजणी आहेत आणि सगळ्या जिवंत आहेत. तिथून एक रेघ उजवीकडे निघते. उजवीकडे काळ. रेघ थोडी आडवी जाते आणि एक पायरी खाली उतरते. पुन्हा आडवी जाते, पुन्हा उतरते. १९५८ पासून जगभर जगण्याचा हिशेब असाच मांडतात. कर्करोगावरचे शोधनिबंध वाचणारे ही रेघ एका नजरेत पाहून पुढे जातात. तुम्ही जाऊ नका. पहिल्या पायरीवर बोट ठेवा. ती पायरी म्हणजे एक बाई. तिला नाव होतं. तिच्या हातचं काहीतरी घरच्यांना आवडायचं. दुसरी पायरी, दुसरी बाई.

आता रेघेच्या आडव्या भागांवर पाहा. तिथे बारीक उभ्या खुणा असतात. त्या जिवंत असलेल्यांच्या. अभ्यास थांबला किंवा त्यांची शेवटची भेट झाली, तेव्हा त्या जगत होत्या. त्यांचं पुढे काय झालं, हे रेघेला माहीत नाही. आपण आज जगलो की नाही हे कागदाला कळवायला त्या बांधलेल्या नव्हत्या. रेघ जसजशी उजवीकडे जाते तसतशा या खुणा दाट होतात. लोक सहसा मध्यावरचा आकडा विचारतात, ज्याच्या अलीकडे निम्म्या आणि पलीकडे निम्म्या. पण पलीकडच्या निम्म्या जणींत कुणी त्याच्यापुढे दोन महिने जगली, कुणी बारा वर्षं. एक आकडा या दोघींना एकाच नावाने हाक मारतो. शिवाय ही रेघ छापून येते तोवर जुनी झालेली असते. तिच्यावरच्या स्त्रियांना त्यांच्या काळातली औषधं मिळाली. नंतर आलेली मिळाली नाहीत.

प्रथिनांची खूण काय करते? या एका रेघेच्या दोन रेघा करते. २००३ मध्ये पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठातल्या संशोधकांनी अंडाशयाच्या कर्करोगाच्या १८६ गाठी तपासल्या. त्यांच्यात रोगप्रतिकार करणाऱ्या टी पेशी शिरल्या आहेत का, हे त्यांनी पाहिलं. टी पेशी ओळखू येतात त्यांच्या अंगावरच्या सीडी-३ या प्रथिनामुळे. रंग दिला की त्या तपकिरी दिसतात. ज्यांच्या गाठीत टी पेशी आत शिरलेल्या होत्या, त्यांच्यापैकी ३८ टक्के स्त्रिया पाच वर्षांनंतर हयात होत्या. ज्यांच्या गाठीत त्या नव्हत्या, त्यांच्यापैकी साडेचार टक्के.

केवढा फरक. श्वास रोखला गेला असेल तर सोडा. आणि दोन्ही रेघांकडे पुन्हा, हळू पाहा. पहिल्या रेघेवर, चांगली खूण असूनही, शंभरांतल्या बासष्टजणी पाच वर्षांच्या आत गेल्या. दुसऱ्या रेघेवर, वाईट खूण असूनही, काहीजणी राहिल्या. साडेचार टक्के हा आकडा वाचताना मन त्याला शून्य करून टाकतं. तसं करू देऊ नका. त्या साडेचारांतल्या प्रत्येकीने पाच वर्षं सकाळी उठून दूध तापवलं असेल, कुणाला तरी शाळेत सोडलं असेल.

खूण स्त्रियांच्या समूहाबद्दल खरं बोलते. तुमच्यासमोर बसलेल्या एकीबद्दल ती एवढंच सांगते की ही या दोन रेघांपैकी कोणत्या रेघेवर उभी आहे. त्या रेघेवर कुठे, हे ती सांगत नाही. हे समजून घ्यायला संख्याशास्त्र लागत नाही, थोडा वेळ लागतो, आणि ओपीडीच्या रांगेत तो वेळ ना डॉक्टरांकडे असतो ना आपल्याकडे. तो इथे घ्या.

आता घरच्या फाइलीतले सगळे रिपोर्ट तारखेनुसार लावा, किंवा मनात लावल्याची कल्पना करा. सर्वांत जुना डावीकडे. केमो सुरू होण्याआधीचा, पहिल्या सायकलनंतरचा, दुसरीनंतरचा, तिसरीनंतरचा. एकेका आकड्यावर नजर खिळवू नका. त्यांची चाल पाहा. कृष्णेला पूर येतो तेव्हा सांगलीत आयर्विन पुलापाशी पाणी किती फुटांवर आहे, हे तासातासाला सांगतात. पण ज्यांची घरं नदीकाठी आहेत ते फूट ऐकून थांबत नाहीत. पाणी चढतंय की उतरतंय, आणि उतरतंय तर कोणत्या वेगाने, हे विचारतात. केमोच्या पहिल्या शंभर दिवसांत सीए-१२५ कोणत्या वेगाने उतरतो, याचं गणित फ्रान्समधल्या ल्याँ शहरातले बेन्वा यू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बसवलं. त्याला केलिम म्हणतात आणि त्यासाठी किमान तीन वेळचे आकडे लागतात. पाचशेवरून सुरुवात झाली की पाच हजारांवरून, यापेक्षा आकडा किती झपाट्याने उतरतो यावरून ही गाठ केमोला किती दाद देते, हे अधिक कळतं. शस्त्रक्रिया कधी करावी, पुढे कोणतं औषध जोडावं, हे ठरवताना काही डॉक्टर त्याचा विचार करू लागले आहेत.

इथे मला खूण उपयोगी वाटते. तिच्यामुळे कुणाला तरी काही वेगळं करता येतं.

आता एक अवघड गोष्ट समोर ठेवणार आहे. पाठ टेकवा, खांदे सैल सोडा.

उपचार संपले आहेत. आकडा ३५ च्या खाली गेला आहे. केस परत येऊ लागले आहेत. दर तीन महिन्यांनी रक्त द्यायचं. आणि एक दिवस आकडा पुन्हा चढतो. पोट दुखत नाही, जेवण जातं, स्कॅनमध्ये कदाचित काही दिसतही नाही. फक्त आकडा. सगळ्यांचा समज असतो की हे लवकर कळलं ते बरंच झालं. लगेच केमो सुरू केली तर आयुष्य वाढेल. ब्रिटनमधले गॉर्डन रस्टिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा समज तपासायचं ठरवलं. उपचारांनंतर आजार पूर्ण आटोक्यात आलेल्या स्त्रियांचं रक्त दर तीन महिन्यांनी घेतलं जाई, पण निकाल त्यांना किंवा त्यांच्या डॉक्टरांना सांगितला जात नसे. ज्यांचा आकडा मर्यादेच्या दुपटीवर गेला, त्या ५२९ स्त्रियांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट पडले. एका गटाला सांगितलं आणि लगेच उपचार दिले. दुसऱ्या गटाला सांगितलं नाही; लक्षणं दिसली तेव्हा उपचार सुरू झाले. २०१० मध्ये निकाल छापून आला. सांगितलेल्या गटात मध्यावरचा आकडा २५.७ महिने. न सांगितलेल्या गटात २७.१ महिने. फरक नव्हता. ज्यांना आधी कळलं, त्यांची केमो सुमारे पाच महिने आधी सुरू झाली आणि त्यांचं रोजचं जगणं आधी खालावलं.

या दोन गटांतल्या एकेका स्त्रीला डोळ्यांसमोर आणा. दोघींच्या रक्तात तोच आकडा, एकाच आठवड्यात चढलेला. एकीला फोन येतो. तिचे पुढचे पाच महिने सलाइन, उलट्या, गळणारे केस आणि दर तीन आठवड्यांची रक्ततपासणी यांत जातात. दुसरीला फोन येत नाही. तिचे पाच महिने बागेत जातात, कामावर जातात, नातवंडांत जातात. शेवटी दोघीही सारख्याच जगतात. त्या पाच महिन्यांचं काय करायचं, हे मला तुम्हाला सांगता येणार नाही. कुणाला काहीही झालं तरी कळलेलं हवं असतं. अंधारात ठेवलं, हे दुःख काहींना केमोपेक्षा मोठं वाटतं. कुणाला तो आकडा नको असतो. दोन्ही बायका शहाण्या आहेत.

हा अभ्यास आजच्या औषधांच्या आधीचा आहे आणि दुसऱ्यांदा शस्त्रक्रिया करावी का यासारखे प्रश्न आता वेगळ्या रीतीने पाहिले जातात, म्हणून आपल्या मनाने तपासण्या बंद करू नयेत. पण पुढच्या भेटीत एक प्रश्न सरळ विचारायला हरकत नाही: "डॉक्टर, हा आकडा वाढला तर तुम्ही काय वेगळं कराल?" उत्तर असेल तर तपासणीला अर्थ आहे. उत्तर नसेल तर निदान तपासणी थोडी विरळ केली तर चालेल का, एवढं तरी बोलता येईल. मी अशा प्रतीक्षागृहांत बसले आहे, आणि रिपोर्टच्या आदल्या रात्री किती घरं जागी असतात हे मला ठाऊक आहे. त्या रात्रींचीही किंमत मोजली पाहिजे.

एक घोटभर पाणी प्या.

खुणा पेशींच्या आतही असतात, आणि तिथलं चित्र अधिक गुंतागुंतीचं आणि मला विचाराल तर अधिक देखणं आहे. बीआरसीए-१ आणि बीआरसीए-२ ही तुटलेला डीएनए सांधणारी प्रथिनं. जन्मतःच त्यांच्या जनुकात दोष असेल तर अंडाशयाच्या कर्करोगाचा धोका वाढतो. पण आजार झाल्यावर त्याच दोषामुळे गाठीतल्या पेशींना केमोतल्या प्लॅटिनमच्या औषधाने झालेली मोडतोड दुरुस्त करता येत नाही. २०१२ च्या एका मोठ्या अभ्यासात पाच वर्षांनंतर हयात असण्याचं प्रमाण दोष नसलेल्यांत ३६ टक्के, बीआरसीए-१ चा दोष असलेल्यांत ४४ आणि बीआरसीए-२ चा दोष असलेल्यांत ५२ टक्के होतं. ज्याने धोका आणला, त्यानेच उपचाराला वाट करून दिली. ओलापरिबसारख्या गोळ्या याच कमकुवत जागी घाव घालतात. हा दोष सापडला तर बहिणीची आणि मुलीची तपासणी करता येते, आणि त्यांच्यासाठी आजार होण्याआधीच काही करता येतं.

दुसरं प्रथिन सीटी-४५. प्रौढ शरीरात ते जवळपास फक्त वृषणात तयार होतं. इतरत्र त्याचं जनुक गप्प असतं. काही गाठींत ते जागं होतं. नेहमीच्या समजुतीप्रमाणे कर्करोगात अवेळी जागं झालेलं प्रथिन म्हणजे वाईट बातमी. शिकागोचे एर्न्स्ट लेंगेल आणि जर्मनीतले मथियास मान यांच्या गटाने २५ स्त्रियांच्या, केमोच्या आधी काढून ठेवलेल्या गाठींतली हजारो प्रथिनं मोजली. काहींचा आजार लवकर उलटला होता, काहीजणी वर्षानुवर्षं निरोगी राहिल्या होत्या. दीर्घकाळ राहिलेल्यांच्या गाठींत सीटी-४५ भरपूर होतं. २०१८ मध्ये त्यांनी प्रसिद्ध केलं की ते असलेल्यांत आजार न उलटता गेलेला काळ दुप्पट होता. कारणही सापडलं: हे प्रथिन डीएनएच्या दुरुस्तीच्या कामात लुडबुड करतं, त्यामुळे कार्बोप्लॅटिन या प्लॅटिनमच्या औषधाचा घाव खोल जातो. शिवाय त्याचे तुकडे पेशीच्या पृष्ठभागावर येतात आणि टी पेशींना ते ओळखता येतात.

हे मनात थोडा वेळ राहू द्या. गाठ वाढताना तिने स्वतःच असं काहीतरी तयार केलं, की जे तिच्यावरच्या औषधाला मदत करत होतं. आजाराला आपण मनात एकसंध शत्रू म्हणून उभा करतो. पेशींच्या पातळीवर तो तसा नाही. तिथे चुका आहेत, फटी आहेत, आणि संशोधक त्या फटी शोधत बसले आहेत.

उतावीळपणा इथेही होतो. २००२ मध्ये रक्तातल्या प्रथिनांच्या नक्षीवरून हा आजार जवळपास अचूक ओळखता येतो, असा दावा नावाजलेल्या नियतकालिकात आला आणि जगभर आशा पसरली. ह्यूस्टनच्या एम. डी. अँडरसनमधल्या संख्याशास्त्रज्ञांनी कच्ची माहिती तपासली तेव्हा दिसलं, की नमुने हाताळण्याच्या आणि यंत्राच्या फरकांमुळेही तशी नक्षी उमटू शकते. व्हॉट्सॲपवर 'एका थेंबात कॅन्सर कळणार' असा मजकूर आला की मला ते संख्याशास्त्रज्ञ आठवतात.

शेवटचं प्रथिन फोलेट रिसेप्टर अल्फा. गरोदरपणात घेतलेल्या फोलिक ॲसिडच्या गोळ्या अनेकींना आठवत असतील. ते जीवनसत्त्व पेशीच्या आत ओढून घेणारं हे प्रथिन निरोगी शरीरात मोजक्या ठिकाणी असतं, पण अंडाशयाच्या कर्करोगात बऱ्याचदा भरपूर. संशोधकांनी त्याला धरणारं एक प्रतिपिंड घेतलं आणि त्याच्या पाठीवर विषारी औषध बांधलं. पेशी प्रथिनाबरोबर औषधही आत घेते. मिर्वेटुक्सिमॅब सोरावटॅन्सिन हे त्याचं लांबलचक नाव. प्लॅटिनमला दाद न देणाऱ्या आणि हे प्रथिन भरपूर असलेल्या स्त्रियांमध्ये त्याने मध्यावरचं आयुष्य सुमारे पावणेतेरा महिन्यांवरून साडेसोळा महिन्यांपर्यंत नेलं आणि २०२४ मध्ये अमेरिकेत त्याला पूर्ण मान्यता मिळाली. औषधाचा त्रास डोळ्यांना होतो. आधी नेत्रतज्ज्ञांकडून तपासून घ्यावं लागतं, मधूनमधून पुन्हा तपासावं लागतं.

पावणेचार महिने. कमी वाटतात का? घाईने उत्तर देऊ नका. पावणेचार महिन्यांत गणपती येऊन दिवाळी उलटून जाते. आणि हे महिने अशा ठिकाणी मिळाले आहेत, जिथे आधीची औषधं थकली होती. पण मला त्याहून मोठी वाटते ती दुसरी गोष्ट. इथे प्रथिन भविष्य सांगत बसलेलं नाही. गाठीतल्या किमान तीन चतुर्थांश पेशी ठळक रंगल्या, तर डॉक्टरांच्या हातात एक औषध येतं, आणि रंगल्या नाहीत तर भलतं औषध घेण्याचा त्रास वाचतो. किती, या प्रश्नाला खूण कधीच धड उत्तर देत नाही. आता काय करता येईल, याला ती कधीकधी फार नेमकं उत्तर देते. ज्या खुणेत करण्यासारखं काही नाही, ती रात्री उशाशी घेऊन झोपण्याची सक्ती कुणावरही नाही.

हात पुन्हा ओटीपोटावर ठेवा. श्वास मोजू नका, नुसते होऊ द्या. मग रिपोर्ट तारखेनुसार फाइलीत लावा, पॅथॉलॉजीचा रिपोर्ट सर्वांत वर ठेवा. त्यावर ब्लॉकचा क्रमांक असतो. ऑपरेशनमध्ये काढलेल्या गाठीचा तुकडा मेणात बसवून ठेवलेला असतो, त्याला ब्लॉक म्हणतात. वरच्या बऱ्याच तपासण्या त्या ब्लॉकवरच होतात, वर्षांनंतरसुद्धा. सीटी-४५ सापडलं ते अशाच जपून ठेवलेल्या ब्लॉकांत. तो कुठे आहे, हॉस्पिटल तो किती वर्षं ठेवतं, हे एकदा विचारून घ्या. दुसऱ्या मतासाठी मुंबईच्या टाटा कर्करोग रुग्णालयात किंवा आणखी कुठे जायचं झालं तर स्लाइड आणि ब्लॉक आपल्यालाच घेऊन जावे लागतात. पावती सांभाळा, डबीवर नाव आणि क्रमांक आहे ना ते पाहा. मेण ५५ ते ६० अंशांच्या आसपास वितळतं. एप्रिल-मे महिन्यांत बंद गाडीत, पुढच्या काचेखाली, तो ठेवू नका. पिशवीत घालून आपल्याजवळ, सावलीत ठेवा.